गटाची मेल सांभाळायला हात वर केला, आता निस्तरायचं कसं?

खटपट्या | १४ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांचा एक गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोथरूडमध्ये एका क्लासच्या खोलीत भेटतो, कोणीतरी काहीतरी शिकवतं, मग चहा आणि नोकऱ्यांच्या गप्पा. गटाचं स्वतःचं डोमेन आहे. त्यावर ३४० सदस्यांची मेलिंग लिस्ट आणि संयोजक, खजिनदार, वक्ते वगैरे अकरा पत्ते. हे सगळं एक दादा गेली नऊ वर्षं एकटे बघत होते. त्यांना पर्थला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात चालले.

परवाच्या बैठकीत संयोजकांनी विचारलं, "मेल कोण घेणार?" खोलीत सव्वीस जण. दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं. सव्वीसच्या सव्वीस जणांना एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. ती शांतता मला सहन होईना म्हणून मी हात वर केला. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "सोसायटीच्या मीटिंगला बोलावलं तर डोकं दुखतं तुझं."

सध्याची अवस्था: भाड्याचं एक छोटं व्हर्च्युअल मशीन, त्यावर डेबियन १० (लिनक्स), पोस्टफिक्स (मेल घेणं-पाठवणं), डोवकॉट (मेलबॉक्स) आणि मेलमन २ (लिस्ट). डेबियन १० ची एलटीएस, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदतसुद्धा जून २०२४ मध्ये संपली. मेलमन २ ला पायथन भाषेची जुनी आवृत्ती, पायथन २ लागते, ती २०२० पासून बंद. म्हणून दादांनी अपग्रेडला हातच लावला नाही. चालतंय ना, मग चालू दे.

प्रश्न असा, की हे स्वतःच चालवावं की पैसे भरून कुठेतरी नेऊन टाकावं? आणि दादा जायच्या आधी त्यांच्याकडून नेमकं काय काय काढून घेऊ?

वाटाण्याच्या_अक्षता | १४ जानेवारी, रात्री १०:५१

अभिनंदन आणि सांत्वन, दोन्ही स्वीकारा. हात अजून खाली घेता येतोय का ते आधी बघा.

नानाकाका | १५ जानेवारी, सकाळी ६:१०

स्वतःच चालवायचं, यात विचारायचं काय? सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांच्या गटाने मेल विकत घेणं म्हणजे आचाऱ्याने घरी डबा लावण्यासारखं आहे.

मी पहिली मेल पाहिली ती विदेश संचार निगमच्या शेल अकाउंटवर, १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सगळ्यांना खुलं झालं त्याच्या पुढच्या वर्षी. पुढे नोकरीत सेंडमेल हा तेव्हाचा मेलसर्व्हर पदरात पडला. त्याच्या कॉन्फिगरेशनचा प्रिंटआऊट घरी आणला होता, तर वडिलांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "ही कुठल्या वळणाची मोडी?" त्यानंतर वीत्से वेनेमाने आयबीएममध्ये बसून पोस्टफिक्स लिहिलं, १९९८ साली बाहेर आलं, आणि आमच्यासारख्यांना रात्रीची झोप लागू लागली. आजही त्याची फाईल वाचली की कळते.

आणि एक लक्षात घ्या. मेल हा फार समजूतदार प्रोटोकॉल आहे. तुमचा सर्व्हर शनिवारी पडला आणि तुम्ही लग्नाला सांगलीत असाल, तर काही बिघडत नाही. समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नका असं आरएफसी ५३२१ मध्येच, म्हणजे मेलच्या नियमांच्या दस्तऐवजातच लिहिलंय. वेबसाईट पडली तर पाचव्या मिनिटाला फोन येतो. मेलसर्व्हर सोमवारी उठवला तरी चालतो. फावल्या वेळात करायला याहून बरं काम नाही.

सौदामिनी | १५ जानेवारी, सकाळी ९:३५

नानाकाका, रात्री अकराला लग्नाची पंगत आटपून घरी येणारा आचारी डबाच खातो हो. :)

तुमचं म्हणणं मेल घेण्यापुरतं सोळा आणे खरं. घेणं सोपंच आहे. अडतं ते पाठवताना. मी कंपनीत हेच करते म्हणून सांगते. भाड्याच्या मशीनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, तुमच्या आधी कोणी वापरला आणि त्यावरून काय काय पाठवलं, ते तुम्हाला माहीत नसतं, पण स्पॅमवाल्यांच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या ब्लॉकलिस्टवाल्यांना पक्कं माहीत असतं. बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दारच, आधीच बंद करून देतात. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावला नसेल तर अर्ध्या ठिकाणी दारातूनच परत.

शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत.

नानाकाका | १५ जानेवारी, सकाळी ९:५०

ते दिवसाला पाच हजार मेल पाठवणाऱ्यांना. ३४० माणसांच्या गटाला कोण विचारतो?

सौदामिनी | १५ जानेवारी, सकाळी १०:१२

नाही काका. पाच हजारांवर गेलात की डीमार्क आणि एका टिचकीत सदस्यत्व सोडायची सोय सक्तीची. पण एसपीएफ किंवा डीकिम, रिव्हर्स डीएनएस, टीएलएस (वाटेत कोणी वाचू नये म्हणून) आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, हे सगळ्यांनाच आहे. आता हिशेब करा. ३४० पैकी २०० जण जीमेलवर धरा. बैठकीची एक मेल गेली आणि एकाने, फक्त एकाने, सदस्यत्व कसं सोडायचं ते सापडेना म्हणून 'स्पॅम' बटण दाबलं, तर त्या दिवशी अर्धा टक्का झाला. छोट्या गटाला हे उलट जास्त जाचक. वर इतक्या थोड्या मेलवर गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये साधा आलेखही दिसत नाही, म्हणजे आपलं नाव खराब झालंय हेही कळत नाही.

माझा सल्ला: मेल स्वतः घ्या, लिस्ट स्वतः चालवा, पण बाहेर पाठवायचं काम एखाद्या रिलेवाल्या कंपनीला द्या. महिन्याच्या दोन-चार हजार मेलला फार पैसे पडत नाहीत.

गावठी_कोडर | १५ जानेवारी, दुपारी १:२०

मी सांगलीचा, शेवटच्या वर्षाला आहे. एसपीएफ, डीकिम, डीमार्क परीक्षेपुरते पाठ केले होते, पण कळले नाहीत. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

वाटाण्याच्या_अक्षता | १५ जानेवारी, दुपारी १:२४

एसपीएफ उन्हाळ्यात चेहऱ्याला लावतात.

लॉगबुक_लता | १५ जानेवारी, दुपारी ३:०५

गावठी_कोडर, अक्षतांकडे लक्ष देऊ नकोस.

सोसायटीच्या वॉचमनकडे एक कागद असतो: 'ब्लॉक ३०२ च्या नावाने फक्त या दोन टेम्पोवाल्यांना आत सोडा.' तो एसपीएफ. मेल कुठल्या सर्व्हरवरून आली एवढंच बघतो, आत काय आहे ते नाही. डीकिम म्हणजे लिफाफ्यावरची लाखेची मोहोर. टेम्पो कुठलाही असो, मोहोर शाबूत असेल तर मजकूर वाटेत कोणी बदललेला नाही. आणि डीमार्क म्हणजे ३०२ वाल्यांनी फळ्यावर लावलेली सूचना: 'पत्रावर ज्याचं नाव, त्याच्याशी टेम्पो किंवा मोहोर यातलं एक तरी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर परत पाठवा, आणि कोण आलं होतं ते मला कळवा.'

आता लिस्ट कुठे अडकते बघ. जोशींनी मोहोर लावून लिस्टला मेल पाठवली. लिस्टने विषयाच्या आधी गटाचं नाव चिकटवलं, खाली 'सदस्यत्व सोडण्यासाठी' अशी ओळ जोडली. झालं, मोहोर तुटली. टेम्पोही जोशींचा नाही, गटाचा. वॉचमन म्हणतो, हे जोशी खोटे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने फळ्यावर 'सरळ नाकारा' असं लिहिलं आणि जगभरच्या लिस्ट एका आठवड्यात कोलमडल्या होत्या. यावर उपाय म्हणून मेलमनमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता लावायची सोय आहे. म्हणून हल्ली 'जोशी, गटातर्फे' असं दिसतं. लोकांना ते आवडत नाही, कारण उत्तर जोशींना जाईल की सगळ्यांना हे कळत नाही. आमच्याकडे एकाने पगाराचा आकडा सगळ्यांना पाठवून झालाय.

खटपट्या, दादांनी ती सोय चालू केली आहे का ते पहिलं बघा.

वऱ्हाडी_रूट | १५ जानेवारी, रात्री ९:१५

राजेहो, तुम्ही मोहोर न् टेम्पो करून राह्यले, पण आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

आमच्या नागपूरच्या गटाची गोष्ट सांगतो. डोमेन घेतलं होतं एका जुन्या मेंबरनं, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या कार्डावर. तो गेला बंगलोरला. कार्डाची मुदत संपली. डोमेनवाल्या कंपनीनं आठवणीच्या मेल पाठवल्या, एक नाही, चार. पण त्या जात होत्या कुठं? त्याच डोमेनवरच्या खजिनदाराच्या पत्त्यावर. अन् खजिनदाराचा पत्ता ज्याच्याकडं फॉरवर्ड होत होता, त्यानं ती नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. एक दिवस सकाळी डोमेनच गायब.

नानाकाका म्हणतात मेल चार-पाच दिवस रांगेत थांबते. सर्व्हर पडला तर थांबते, बरोबर आहे. पण घराचा पत्ताच नकाशावरून पुसला तर पोस्टमन कोणासाठी थांबीन? लगेच परत. अन् वाईट म्हणजे आम्हाले तीन दिवस कळलंच नाही. आम्हाले वाटलं, लोक शांत झाले, बरं झालं. शेवटी दंड भरून डोमेन सोडवून आणलं.

तेव्हा दादाकडून पासवर्ड नंतर घ्या, डोमेन आधी घ्या.

चकलीवाली | १५ जानेवारी, रात्री ९:४०

"आम्हाले वाटलं, लोक शांत झाले" :D :D

यावरून आमची दिवाळी आठवली. दोन मेंबरांनी सुट्टीवर जाताना 'मी दिवाळीनिमित्त रजेवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर लावलं होतं. कुठल्यातरी फुटकळ प्रोग्रॅममधलं होतं, लिस्टच्या मेलला उत्तर द्यायचं नसतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. एकाचं उत्तर लिस्टवर आलं, ते दुसऱ्याला गेलं, दुसऱ्याचं परत लिस्टवर. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रभर दोन यंत्रं एकमेकांना 'शुभ दीपावली' म्हणत होती, आणि दोनशे माणसं ते ऐकत होती. पहाटे अभ्यंगस्नान सोडून मी लॅपटॉप उघडला. तेल लावलेल्या हातांनी. की-बोर्ड अजून बुळबुळीत आहे.

नानाकाका | १६ जानेवारी, सकाळी ६:०५

यासाठी २००४ पासून आरएफसी ३८३४ आहे. वाचतो कोण?

चकलीवाली | १६ जानेवारी, सकाळी ८:३०

काका, तुम्ही.

गावठी_कोडर | १६ जानेवारी, सकाळी ११:०२

लताताई, आत्ता कळलं. धन्यवाद. थोडं अवांतर: गट पुण्याचा आहे तर पत्ते मराठीत का नाहीत? म्हणजे देवनागरीत.

मांडवीकर | १६ जानेवारी, दुपारी १२:४४

होतात रे. मी पणजीत बसून हा उद्योग केला आहे. .भारत हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं. '@' च्या डावीकडेही देवनागरी चालावी याचा आरएफसी, क्रमांक ६५३१, त्याच्याही आधीचा, २०१२ चा. पोस्टफिक्सला ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून हे येतं. एक ओळ बदलायची, झालं. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते आलं पाहिजे. एकाला नाही आलं तर मेल परत. आणि कुठल्याही वेबसाईटच्या फॉर्ममध्ये तो पत्ता टाक, लाल अक्षरात 'पत्ता चुकीचा आहे' असं उत्तर मिळतं. स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिलं तर चुकीचं!

तरीही मी हौसेने गटासाठी 'अ‍ॅडमिन' हा पत्ता केला. तिथे खरी गंमत कळली. 'अ‍ॅ' हे अक्षर एका कळफलकावरून एकसंध येतं, दुसऱ्यावरून 'अ' वर चंद्र ठेवून, तिसऱ्यावरून मध्ये एक न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. मशीनला तीन वेगळी माणसं. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची ठरलेली रीत, करूनही ती एक होत नाहीत. शेवटी मी तीन मेलबॉक्स केले आणि तिन्ही एकाच ठिकाणी वळवले.

वाटाण्याच्या_अक्षता | १६ जानेवारी, दुपारी १२:५२

म्हणजे गोव्यात तीन अ‍ॅडमिन आहेत आणि पुण्यात एकही मिळत नाही.

राईनकाठ | १६ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

जर्मनीतून. इथल्या एका हौशी मंडळाची मेल मी सहा वर्षं बघतोय, तीही अशीच हात वर केल्यामुळे.

वर कोणी बोललं नाही अशी एक गोष्ट: ते अकरा पत्ते. ते मेलबॉक्स आहेत की कोणाच्या खाजगी जीमेलवर फॉरवर्ड होतात? फॉरवर्ड होत असतील तर दुखणं तिथेच आहे. खजिनदाराच्या पत्त्यावर येणारा सगळा कचरा तुमचा सर्व्हर इमानेइतबारे जीमेलला नेऊन देतो, आणि जीमेलच्या नजरेत कचरा टाकणारे तुम्ही. शिवाय फॉरवर्ड करताना एसपीएफ मोडतो, कारण लताताईंच्या भाषेत टेम्पो बदलला. लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून घेणारी एसआरएस नावाची युक्ती आहे, पण माझं मत, फॉरवर्ड बंदच करा. खरे मेलबॉक्स द्या, पदाधिकारी बदलला की पासवर्ड बदला. जुनी मेल नव्या माणसाला वाचता येते हा वरचा फायदा. लोक कुरकुरतील, आणखी एक मेलबॉक्स उघडावा लागतो म्हणून. कुरकुरू द्या.

दुसरं, जरा नाजूक. सर्व्हर ज्याच्या हातात, तो सगळ्यांची मेल वाचू शकतो. वाचत नाही, पण शकतो. आमच्याकडे दोन माणसांकडे किल्ल्या आहेत आणि कोणी कधी आत गेलं त्याची नोंद दोघांनाही दिसते. हा अविश्वास नाही. उद्या निवडणुकीत भांडण झालं आणि कोणी म्हणालं 'याने आमची मेल वाचली', तर दाखवायला काहीतरी हवं.

नानाकाका | १७ जानेवारी, सकाळी ६:२०

राईनकाठ यांचा फॉरवर्डचा मुद्दा मान्य. सौदामिनीबाईंचा रिलेचा मुद्दा नाइलाजाने अर्धा मान्य. पण लिस्ट आणि मेलबॉक्स आपल्याच मशीनवर. गटात नवी पोरं येतात ती शिकणार कुठे? कंपनीत त्यांना पोस्टफिक्सची फाईल कोणी उघडूही देत नाही. इथे चुकलं तर फार तर बैठकीची सूचना उशिरा पोचेल.

सौदामिनी | १७ जानेवारी, सकाळी ९:३०

काकांनी अर्धा मुद्दा मान्य केला! तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

शिकण्याबद्दल पूर्ण सहमत. मग खटपट्या, एकटे करू नका. दादांनी नऊ वर्षं उत्तम सांभाळलं यात शंका नाही, पण एकट्याने सांभाळलं म्हणून तर आज हा धागा आहे.

खटपट्या | १७ जानेवारी, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. रविवारी दादांकडे जातोय, वही घेऊन. वऱ्हाडी_रूट, पहिल्या पानावर डोमेन लिहिलंय.

चकलीवाली | २२ फेब्रुवारी, रात्री ८:१०

खटपट्या बुडाले काय?

वाटाण्याच्या_अक्षता | २२ फेब्रुवारी, रात्री ८:१३

रांगेत असतील. चार-पाच दिवस वाट बघायची.

खटपट्या | ६ एप्रिल, दुपारी ४:२०

उशीर झाला, माफी असावी. तर झालं ते असं.

डोमेन निघालं गटाच्या पहिल्या संयोजकांच्या नावावर. त्यांनी हे क्षेत्रच सोडलंय, आता रत्नागिरीजवळ आंब्याची बाग बघतात. खात्याचा ओटीपी जायचा त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर. त्यांना शोधणं, ओळखपत्रं पाठवणं, कंपनीच्या मदतकेंद्रात तासन्‌तास संगीत ऐकणं, यात तीन आठवडे गेले. मुदत संपायला पाच महिने होते म्हणून वाचलो. हे बागवाले काका भले माणूस, सही करून वर म्हणाले, पेटी पाठवू का.

मग पोस्टमास्टरचा मेलबॉक्स उघडला. हा पत्ता प्रत्येक मेल-डोमेनला ठेवावाच लागतो, त्यामुळे होता. न वाचलेल्या मेल साडेनऊ हजार. त्यात रोज पहाटे तीनला येणारी एक: 'बॅकअप अयशस्वी, डिस्क भरली.' तीन वर्षं, रोज, न चुकता. दादांना दाखवलं तर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, काही तक्रार नाही म्हणजे चालू आहे." त्यांना काय बोलणार? मीही तेच केलं असतं.

नवं मशीन घेतलं, मेलमन ३ टाकलं. पाठवायला रिले, सौदामिनीताई म्हणाल्या तसं. मेलबॉक्स आणि लिस्ट आपल्याकडे, नानाकाकांच्या मनासारखं. अकरापैकी सात पत्ते कोणी वापरतच नव्हतं, ते बंद. उरलेल्या चारांना खरे मेलबॉक्स. खजिनदार अजून कुरकुरताहेत.

सदस्यांची यादी हलवताना ६१ पत्ते मेलेले निघाले. एका पत्त्यावर मात्र थांबलो. त्या मेंबराला जाऊन चार वर्षं झाली, पण पत्ता चालू होता, मेल जात होत्या, कोणाच्या तरी घरी पोचत होत्या. दादांच्या फाईलमध्ये त्याच्यासमोर टिपण होतं: 'राहू दे.' मीही राहू दिलाय.

किल्ल्या आता तिघांकडे आहेत: मी, बैठकीत माझ्या शेजारी बसून फोन बघणारी एक मैत्रीण, आणि गावठी_कोडर. होय, आपलाच. धाग्यावरून व्यक्तिगत निरोप पाठवला त्याने. डीकिमची किल्ली त्यानेच बदलली, सांगलीत बसून.

गावठी_कोडर | ६ एप्रिल, दुपारी ४:४१

पहिल्यांदा बदलली तेव्हा जुनी लगेच काढून टाकली होती. दीड तास गटाच्या सगळ्या मेल स्पॅममध्ये गेल्या. हे खटपट्याकाकांनी मोठ्या मनाने लिहिलं नाही.

नानाकाका | ६ एप्रिल, संध्याकाळी ५:००

दीडच तास? आमच्या वेळी दोन दिवस लागायचे. शाब्बास.

वऱ्हाडी_रूट | ६ एप्रिल, संध्याकाळी ७:२२

लय चांगलं. पण डोमेनची आठवण आता कुठं जाते ते सांगा.

खटपट्या | ६ एप्रिल, रात्री १०:१५

तिघांच्या तीन वेगळ्या पत्त्यांवर, आणि त्यातला एकही गटाच्या डोमेनवरचा नाही. शिवाय स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ऑगस्टच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनने 'डोमेन' असं लिहून ठेवलंय.

काल बायकोने विचारलं, "हा डोमेन कोण? किती द्यायचेत त्याला?"